रविवार, बाबा आणि पाच कप कॉफी

दर रविवारी बाबांकडे गेलं की माझं डोकं चढायचं. त्याचं कारण मी दोन वर्षं भलत्याच ठिकाणी शोधत होते. सापडलं ते ऑफिसच्या कामात, एका संशोधकाच्या पेपरांच्या यादीत.

रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमाराला माझं डोकं दुखायला लागायचं. म्हणजे अगदी घड्याळ लावून घ्यावं इतक्या वेळेवर. घाटकोपरला मेट्रोतून उतरून ठाण्याची लोकल पकडेपर्यंत कपाळाच्या आत कुणीतरी ओला टॉवेल पिळायला घेतलेला असायचा. त्यात मेगाब्लॉक असला तर विचारूच नका. बाबांनी दार उघडलं की मी पहिलं वाक्य बोलायची ते, "बाबा, जरा पडते हं."

बाबा ठाण्याला एकटेच राहतात. शाळेत सायन्स शिकवायचे, आता रिटायर्ड. आई २०१८ मध्ये गेली, कॅन्सरनं. मी अंधेरीला मैत्रिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, कारण ऑफिस तिथून दहा मिनिटांवर आहे. आठवडाभर आमचं फोनवर बोलणं म्हणजे "जेवलात का?" "जेवलो. तू?" एवढंच. त्यामुळे रविवार हा आमचा दिवस होता. निदान असायला हवा होता.

प्रत्यक्षात काय व्हायचं? बाबांनी वरणभात, बटाट्याची काचऱ्यांची भाजी असं साग्रसंगीत केलेलं असायचं. मी चार घास खाऊन आतल्या खोलीत पडदे ओढून आडवी. बाहेर बाबा टीव्हीचा आवाज बंद करून नुसती मॅच बघत बसायचे. चार वाजता त्यांच्या डब्यातली डोकेदुखीची गोळी घ्यायची, पाचला माणसात यायचं आणि साडेसहाच्या लोकलनं परत. दोन वर्षं हेच.

एकदा निघताना बाबा म्हणाले, "चिऊ, तुला इथं आलं की त्रास होतो ना गं? दर रविवारी नाही आलीस तरी चालेल. फोन करत जा."

रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. ते काळजीनं म्हणाले. लोकलच्या दारात उभी राहून मी ठाणे ते घाटकोपर रडले.

आणि खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. घरी गेलं की डोकं दुखतं, म्हणजे कारण घरातच असणार. भिंतीवरचा आईचा फोटो. तिची रिकामी कॉट. बाबांचा तो "शहाण्यांचा मुलगा पुण्यात असतो" हा विषय. मैत्रिणींनीही शिक्कामोर्तब करून टाकलं होतं. "फॅमिली स्ट्रेस, यार! तुझी बॉडी तुला सांगतेय, तिकडे जाऊ नकोस." आपल्या पिढीला हे एक बरं जमतं. कशाचंही खापर फोडायचं असलं की आधी घर दिसतं.

चारशेच्या आसपास ओळींची यादी

आता माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं. मी मेडिकल रायटिंगमध्ये आहे. म्हणजे डॉक्टरही नाही आणि लेखिकाही नाही. औषधांवरचे पेपर वाचायचे, त्यांचं सार काढायचं, टेबलं करायची, संदर्भ तपासायचे, असं ते काम. लग्नाच्या बाजारात हे समजावून सांगायला पंधरा मिनिटं लागतात. असो.

२०२४ च्या सुरुवातीला आमच्या बॉसनं एक काम टेबलावर टाकलं. कॅफीनवर एक बॅकग्राउंड नोट हवी होती. "यातल्या निम्म्या संदर्भांत एकच नाव येतं," ती म्हणाली. "त्या माणसाचे पेपर आधी सालाप्रमाणे लाव, मग बाकीचं सोपं जाईल."

तो माणूस म्हणजे रोलंड ग्रिफिथ्स. १९७२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून सायकोफार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधांचा मनावर आणि वागण्यावर काय परिणाम होतो या विषयात पीएच.डी. केली. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रुजू झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. एकच नोकरी, पन्नास वर्षं! दर दीड वर्षानं लिंक्डइन अपडेट करणाऱ्या माझ्यासारखीला हेच आधी झेपेना. यादी साडेतीनशेच्या पुढे गेलेली.

अशी यादी तुम्ही कधी पाहिली नसेल तर सांगते, दिसायला ती टेलिफोन डिरेक्टरीइतकीच रुक्ष असते. नावं, साल, शीर्षक, जर्नल, पान नंबर. पण सालाप्रमाणे लावली की एखाद्या माणसाला आयुष्यभर कुठला प्रश्न छळत होता ते दिसायला लागतं. ग्रिफिथ्सचा प्रश्न साधा होता. माणूस (आणि सुरुवातीच्या काळात बबून माकड) एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा का घेतो? त्याला ती आवडते म्हणून, की नाही घेतली तर त्रास होतो म्हणून? झोपेच्या गोळ्या, मनःशांतीच्या गोळ्या, दारू, सिगारेट यांच्यावर पेपरच्या पेपर. आणि मग त्यांची नजर अशा गोष्टीवर गेली, जिला कुणी ड्रग म्हणतच नव्हतं. कॅफीन.

१९९० च्या एका पेपरवर मी थांबले. सातच माणसं. त्यांना रोज फक्त १०० मिलिग्रॅम कॅफीन कॅप्सूलमधून दिलं. म्हणजे साधारण एक कप कडक कॉफी. मग मध्येच एखाद्या दिवशी त्याच दिसण्याची पण आत काहीच नसलेली कॅप्सूल दिली. कुठली कधी, हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. याला डबल-ब्लाइंड म्हणतात. कारण आपल्याला माहीत असलं की आपण तसंच वागायला लागतो. निकाल काय, तर असे दिवस पुन्हा पुन्हा आणल्यावर सातच्या सात जणांना कमीजास्त त्रास झाला. डोकेदुखी, मरगळ, चिडचिड, कुणाला अंगदुखी, कुणाला फ्लू झाल्यासारखं. एका कपावर!

पुढचा १९९२ चा. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. या वेळी ६२ माणसं, दिवसाला सरासरी अडीच कप कॉफीइतकं कॅफीन घेणारी, तुमच्याआमच्यासारखी. कॅफीन बंद केल्यावर त्यांतल्या ५२ टक्क्यांचं डोकं चांगलंच दुखलं. आणखी एक गंमत. औषध घ्यायचं नाही असं बजावलेलं असतानाही १३ टक्के लोकांनी गुपचूप गोळ्या घेतल्या.

मग २००० चा, कोलावरचा. कंपन्या म्हणत होत्या, कॅफीन आम्ही चवीसाठी घालतो. ग्रिफिथ्सनी २५ कोला पिणाऱ्यांना कॅफीनवाला आणि बिनकॅफीनचा कोला चाखायला दिला. कोलात असतं तेवढ्या प्रमाणात दोघांनाच फरक ओळखता आला. मला हा पेपर फारच आवडला. चिडायचं नाही, आरोप करायचे नाहीत. नुसतं चाखायला द्यायचं.

आणि मग २००४. लॉरा ज्युलिआनो यांच्याबरोबर त्यांनी तोपर्यंतचे ५७ प्रयोग आणि ९ पाहण्या एकत्र चाळल्या आणि सार काढलं. कॅफीन थांबल्यावर त्रास सुरू होतो १२ ते २४ तासांनी. शिखर गाठतो २० ते ५१ तासांच्या दरम्यान. राहतो २ ते ९ दिवस. निम्म्या लोकांना डोकेदुखी. १३ टक्क्यांना इतका त्रास की रोजची कामंही नीट होत नाहीत.

रात्रीचे साडेआठ वाजले होते. ऑफिसात मी आणि हाउसकीपिंगचा मुलगा, दोघंच. माझ्या हातात मशीनच्या कॉफीचा कप होता. दिवसातला पाचवा. आणि मी बोटांवर तास मोजत होते.

शनिवारी आमचा हाफ डे. शेवटची कॉफी दुपारी एकच्या आसपास. आणि रविवारी? रविवारी माझा डिटॉक्स डे असायचा! असल्याच एका पुरवणीत वाचून मी दोन वर्षांपूर्वी ठरवलं होतं, आठवड्यातून एक दिवस शरीराला सुट्टी. चहा नाही, कॉफी नाही, फक्त कोमट पाणी, लिंबू, मध. शनिवारी दुपारी एक ते रविवारी दुपारी साडेबारा. साडेतेवीस तास.

डोकेदुखीही दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. ही दोन दोन वर्षं मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती.

यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन दिवसभर साचत जातं आणि "आता दमलीस, बस कर" असा निरोप देतं. कॅफीन त्या निरोप्याच्या खुर्चीवर जाऊन बसतं, म्हणून निरोप पोचत नाही आणि आपण ताजेतवाने. हे रोज झालं की मेंदूही खुर्च्या वाढवतो. मग एखाद्या दिवशी कॅफीन आलंच नाही की सगळे निरोप एकदम येऊन आदळतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकायला लागतं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना फोन केला. "तुमच्या डब्यातल्या त्या गोळीच्या मागे काय लिहिलंय ते वाचा ना."

बाबांनी चष्मा शोधला. "पॅरासिटामॉल... आणि... कॅफीन. का गं?"

म्हणजे दर रविवारी चार वाजता मी औषध म्हणून तीच गोष्ट घेत होते, जी न घेतल्यामुळे डोकं दुखत होतं. वर पुन्हा डिटॉक्स केल्याचं समाधान!

चार पुड्या

रविवारी हे सगळं बाबांना सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, मग पी की कॉफी, त्यात काय. पण सायन्स टीचर तो सायन्स टीचरच. म्हणाले, "हे झालं तुझं अनुमान. सिद्ध कुठं झालंय?"

मग आमचा प्रयोग ठरला. मी दुकानातून साधी इन्स्टंट कॉफी आणि कॅफीन काढलेली कॉफी अशा दोन बाटल्या आणल्या. बाबा म्हणाले, "पुड्या मी बांधणार नाही. मला माहीत असलं तर माझ्या तोंडावरून तुला कळेल." म्हणून शेजारच्या काकूंना गळ घातली. त्यांनी एक ते चार नंबर घालून चार पुड्या बांधल्या. दोन खऱ्या, दोन बिनकॅफीनच्या, कुठली कुठली ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी देवघराच्या खणात. मी शनिवारी रात्रीच ठाण्याला यायचं, रविवारी सकाळी आठला त्या रविवारची पुडी घालून एक कप प्यायचा, आणि दहापासून चारपर्यंत दर तासाला बाबांनी विचारायचं, "शून्य ते तीनमध्ये किती?"

त्यांनी त्यासाठी वेगळी वही घातली. पट्टीनं रेघा मारून.

पहिला रविवार, शून्य. दुसरा रविवार, दुपारी एकला एक, दोनला दोन. तिसऱ्या रविवारी तीन, आणि मी पुन्हा आतल्या खोलीत. चौथ्या रविवारी शून्य. पण त्या दिवशी बाबांनी शहाण्यांच्या मुलाचा विषय काढला, आमची बऱ्यापैकी वादावादी झाली. म्हणून मी छातीठोकपणे सांगितलं, "चौथी पुडी नक्की बिनकॅफीनची. माझं डोकं फिरलंय."

"फिरलंय की दुखतंय?" बाबांनी पेन उचलून विचारलं.

मी नीट विचार केला. दुखत नव्हतं.

काकूंनी चिठ्ठी आणली. दोन आणि तीन नंबर बिनकॅफीनचे. चौथी पुडी खरी.

चार रविवार आणि एक माणूस, याला कुणी संशोधन म्हणणार नाही. पण माझ्यापुरतं त्यातून एक कळलं. लग्नाच्या विषयानं मला राग येत होता, डोकेदुखी येत नव्हती. या दोन गोष्टींची मी दोन वर्षं एकच पुडी बांधून ठेवली होती. आणि तिच्यावर नाव घातलं होतं बाबांचं.

कालनिर्णयावरचा बाण

याच चार रविवारांतली गोष्ट. पहिल्या रविवारी, जेवणानंतर मी कित्येक महिन्यांनी उभी होते. पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले, तर फ्रिजशेजारच्या कालनिर्णयाकडे लक्ष गेलं. लाल रविवारांच्या चौकोनांत बाबांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं. "चिऊला सांगणे – बँकेचं नॉमिनेशन." "चिऊ – देसाई सर वारले." "चिऊला विचारणे, मोबाइलचा पासवर्ड." बाबा आठवडाभर मला सांगायच्या गोष्टी जमवत होते. बऱ्याचशा तशाच राहिल्या होत्या, कारण मी आत पडदे ओढून झोपलेली असायची.

आणि एका चौकोनात नुसतं, "आईबद्दल." त्याच्यापासून एक बाण पुढच्या रविवारी. तिथून पुढच्या. मागची पानं उलटली. बाण जानेवारीपासून चालत आला होता.

मी तेव्हा काही बोलले नाही. हिंमत झाली नाही, असं म्हणा.

चिठ्ठी उघडली त्या संध्याकाळी बाबांनीच विचारलं, "त्या तुझ्या साहेबांचं पुढं काय झालं? कॉफीवरच थांबले का?"

नाही. यादीतला सगळ्यात चक्रावणारा भाग तर पुढेच होता. १९९० च्या दशकात ग्रिफिथ्स ध्यान करायला लागले. सिद्धयोग पद्धतीचं. ज्याचा मूळ आश्रम आपल्या गणेशपुरीला आहे. ("अरे! वज्रेश्वरीला गेलो होतो तेव्हा पाहिला होता की आपण," बाबा.) आतमध्ये काहीतरी वेगळं घडतं, याची त्यांना चुणूक लागली, आणि मग मोजमाप करणाऱ्या या माणसानं तेही मोजायचं ठरवलं. २००६ मध्ये सायकोफार्माकॉलॉजी याच नावाच्या जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला. ३६ निरोगी माणसांना काही मशरूममध्ये सापडणारं सायलोसायबिन आणि तुलनेसाठी दुसरं एक औषध, वेगवेगळ्या दिवशी दिलेलं. दोन महिन्यांनी ६७ टक्के लोक म्हणाले, हा अनुभव आमच्या आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांतला आहे. जवळपास एकतृतीयांश लोकांना त्या दिवशी कधी ना कधी जबरदस्त भीतीही वाटली. तेही त्यांनी तितक्याच स्वच्छ अक्षरात छापलं.

इथं कुणी लगेच उत्साहात येऊ नये म्हणून सांगते. हा पदार्थ आपल्याकडे एनडीपीएस कायद्याखाली येतो, आणि हे प्रयोग हॉपकिन्समध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली, माणसं पारखून निवडून झाले. शिवाय सगळ्यांना ते पटलेत असंही नाही. ग्रिफिथ्सची स्वतःची आध्यात्मिक ओढ संशोधनात मिसळली, असा आक्षेप त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानंच घेतला आणि २०२४ मध्ये तो जाहीर झाला. डबल-ब्लाइंडचा आग्रह धरणाऱ्या माणसाबद्दलच हा प्रश्न यावा, हे मला विचार करण्यासारखं वाटतं. आपल्याला जे खरं व्हावंसं वाटतं, त्यापासून स्वतःला लांब ठेवणं पन्नास वर्षांच्या सरावानंतरही सोपं नसणार.

"आणि मग २०१६ चा पेपर आहे," मी म्हणाले आणि थांबले. कारण तो मी ऑफिसात वाचला होता तेव्हा वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुऊन यावं लागलं होतं.

"कशावर?"

"कॅन्सरच्या पेशंटवर. ५१ जण. सगळे मरणाच्या भीतीनं खचलेले. सहा महिन्यांनीही सुमारे ८० टक्क्यांची उदासी आणि भीती बरीच कमी झालेली होती."

बाबा काही बोलले नाहीत. कपातल्या सायीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुझी आई रात्री जागी असायची."

"मला माहीत आहे."

"नाही, तुला माहीत नाही. शेवटच्या महिन्यात एकदा तिनं मला विचारलं, अहो, मी गेल्यावर मला काही कळत असेल का हो? मी म्हणालो, काहीतरीच काय बोलतेस, झोप. आणि दिवा घालवला." ते थांबले. "दिवा घालवला मी, चिऊ. ती पुन्हा कधी बोलली नाही."

हेच ते "आईबद्दल". जानेवारीपासून दर रविवारी पुढं ढकललेलं.

मी त्यांना काय सांगणार होते? मी स्वतः तिला रोज फोनवर म्हणत होते, "आई, पॉझिटिव्ह राहा हं!" तो आमचा दोघांचाही दिवा घालवण्याचाच प्रकार होता. त्यांचा खटक्यानं, माझा व्हॉट्सॲपवर.

मग मी त्यांना त्या पेपरमधली एक गोष्ट सांगितली, जी सारांशात येत नाही, आत बारीक टायपात असते. औषधाच्या पहिल्या दिवसाआधी, ज्या माणसांनी पेशंटजवळ बसायचं ती त्याला भेटायची. दोनतीन बैठकांत मिळून सुमारे आठ तास. त्याचं आयुष्य, त्याची माणसं, त्याला कशाची भीती वाटते, हे सगळं ऐकून घ्यायचं. आणि मग औषध.

"आठ तास नुसतं बोलायचं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"गोळी नंतर?"

"नंतर."

त्या गोळीपर्यंत आम्ही आईला नेऊ शकलो नसतो. ती २०१८ मध्येही प्रयोगशाळेतच होती आणि अजूनही बाजारात येणारं औषध झालेली नाही. पण त्याआधीचे आठ तास तर आमच्याकडे होते. तिच्या आजारपणाच्या सात महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून, रिपोर्ट आणि डबे आणि इन्शुरन्स सोडून, तिच्याशी आठ तास बोललो होतो का? मी प्रामाणिकपणे मोजायचा प्रयत्न केला. हिशेब लागला नाही.

"चहा टाक," बाबा म्हणाले. मी टाकला. दोघांसाठी, आलं घालून. रविवार असूनही.

आता

रोलंड ग्रिफिथ्स १६ ऑक्टोबर २०२३ ला गेले, वयाच्या ७७ व्या वर्षी. त्यांनाही कॅन्सरच झाला होता. म्हणजे मी त्यांची यादी सालाप्रमाणे लावली तेव्हा ती पूर्ण होऊन काही महिनेच झाले होते. आजारपण कळल्यावर त्यांनी मुलाखती दिल्या, स्वतःच्या मरणाबद्दल मोकळेपणानं बोलले, आपण कृतज्ञ आहोत असं सांगत राहिले. ज्या विषयावर दुसऱ्यांना बोलतं केलं, त्यावर स्वतः गप्प बसले नाहीत.

त्यांच्या कामाचं सगळ्यात दणकट फळ मात्र मशरूमचं नाही, कॉफीचंच आहे. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत, डीएसएम-५ मध्ये, कॅफीन सुटल्याचा त्रास हे अधिकृत निदान म्हणून आलं. म्हणजे तुमचं वीकएण्डचं डोकं दुखणं हे नाटक नाही. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठलात, नेहमीचे कप चुकले आणि दुपारी डोकं चढलं, तर आधी तास मोजा. आणि कॉफी सोडायचीच असेल तर माझ्यासारखी एका दिवसात डिटॉक्सच्या नावाखाली सोडू नका. दोनतीन आठवडे घ्या, एकेक कप कमी करा. डोकं तरीही दुखतच राहिलं किंवा दुखणं वेगळंच वाटलं तर सरळ डॉक्टरकडे जा. मी पाचावरून दोनावर आले आहे. रविवारी सकाळी बाबांकडे एक कप असतोच.

शहाण्यांच्या मुलाचं काही जमलं नाही. त्याबद्दल बाबांचा राग अजून आहे, आणि माझा त्यांच्या रागावर आहे. पण आता आम्ही दोघंही त्याला रागच म्हणतो.

आणि आईबद्दल आम्ही बोलतो. एकदम नाही जमत. वीस मिनिटं, कधी तासभर, मग कुणीतरी उठून भाजी चिरायला घेतं. ती लग्नाआधी कशी होती, तिला कोण आवडायचं नाही, ती शेवटी काय विचारत होती. बाबांनी प्रयोगाची ती वही टाकून दिलेली नाही. परवा पाहिलं, तर मागच्या पानावर पट्टीनं रेघा मारून तारखा आणि मिनिटं लिहिलेली. आठ तास भरायला आम्हाला सात रविवार लागले.

त्याच्या खाली बेरीज मारली आहे. पण वही बंद केलेली नाही. पुढच्या रविवारची तारीख आधीच घातलेली आहे.